न दिसणाऱ्यांची गणती : वन्य प्राण्यांची संख्या कशी ठरवतात?

नोव्हेंबर २०२० चे ते दिवस आष्टी तालुक्यातील कोणी विसरले असेल, असे आम्हांस वाटत नाही. महामारीमुळे वसतिगृह बंद होते, मुले आपापल्या गावी होती, आणि तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावल्याच्या बातम्या कानांवर येत होत्या. दिवस मावळला की वस्त्यांची दारे लागत. रात्रीच्या विजेवर कांद्याला पाणी देणे म्हणजे जिवावरचे काम होऊन बसले. त्या दिवसांत एका पालकांनी फोनवर आम्हांस विचारले, "सर, बिबटे नेमके आहेत तरी किती?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. कड्याच्या बाजारात मात्र उत्तरांना तोटा नव्हता. कोणी एक म्हणे, कोणी तीन, कोणी मादी आणि तिची पिल्ले धरून पाच-सात. ज्या शिवारात दिसला, तेथला बिबट्या नवा, अशी ती मोजणी होती. पुढे डिसेंबरात शेजारच्या करमाळा तालुक्यात एक बिबट्या गोळी घालून ठार करण्यात आला आणि भीती हळूहळू ओसरली. प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक. एखादा आकडा समोर आला की तो कोणी, कसा आणि कशासाठी काढला, हे विचारण्याची आम्हांस सवय आहे. शाळा पुन्हा भरल्यावर विज्ञानाच्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन आम्ही नववीच्या वर्गात या विषयावर काही तास घेतले. त्या तासांचे सार माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवण्यासाठी हा लेख.

मोजणी आणि अनुमान

पाळीव जनावरांची मोजणी आपल्या परिचयाची आहे. आपल्या देशात १९१९ पासून ठरावीक काळाने पशुगणना होते. २०१९ ची गणना विसावी होती आणि तिच्यात देशातील पशुधन सुमारे ५३ कोटी ५७ लाख भरले. येथे गणक दारात येतो, गोठा पाहतो, मालकास विचारतो आणि लिहून घेतो. मेंढपाळ तर वाड्याच्या तोंडाशी उभा राहून एकेक मेंढी आत सोडतो व नजरेने मोजतो. याला संपूर्ण गणना म्हणावे.

काळविटाला गोठा नाही आणि बिबट्याला मालक नाही. ते हलतात, लपतात, रात्री हिंडतात आणि माणसाची चाहूल लागताच निघून जातात. त्यांची संपूर्ण गणना बहुधा अशक्य असते. म्हणून शास्त्रज्ञ थोडे पाहून सर्वांविषयी अनुमान करतात. अनुमान म्हणजे अंदाजपंचे नव्हे. जे दिसले त्यावरून जे दिसले नाही त्याचा हिशेब मांडायचा, आणि तो हिशेब किती चुकू शकतो हेही सोबत सांगायचे, असे ते शास्त्र आहे.

हरभऱ्यांचे पातेले

वर्गात आम्ही पातेलेभर हरभरे आणले. एका विद्यार्थिनीने त्यांतून ४० हरभरे काढले, प्रत्येकावर शाईचा ठिपका दिला आणि वाळल्यावर ते परत पातेल्यात टाकून चांगले ढवळले. मग दुसऱ्या विद्यार्थ्याने न पाहता ६० हरभरे काढले. त्यांत ठिपक्याचे ५ निघाले. म्हणजे बारांत एक ठिपक्याचा. ढवळण नीट झाली असेल, तर संपूर्ण पातेल्यातही साधारण बारांत एकच ठिपक्याचा असणार. ठिपक्याचे एकूण ४० आहेत, हे आपणांस ठाऊक आहे. तेव्हा पातेल्यात चाळीस गुणिले बारा, म्हणजे ४८० हरभरे असावेत.

मग मुलांनी सगळे हरभरे मोजले. ते ४५२ भरले. वर्गाला मोठी मौज वाटली. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, शेवटी मोजायचेच होते, तर एवढा खटाटोप कशाला?" आम्ही म्हणालो, "बाळा, हरभरे पळत नाहीत म्हणून मोजता आले."

या रीतीला खूण करून पुन्हा पकडण्याची पद्धत म्हणता येईल. तिचा इतिहास प्राण्यांपासून नव्हे, माणसांपासून सुरू होतो. फ्रेंच गणिती लाप्लास याने १८०२ मध्ये अशाच प्रमाणाच्या हिशेबाने फ्रान्सच्या लोकसंख्येचे अनुमान केले. काही निवडक गावांत लोकसंख्येशी जन्मांचे प्रमाण किती, हे त्याने पाहिले आणि देशभरच्या जन्मनोंदींवरून एकूण आकडा काढला. १८९६ मध्ये डेन्मार्कच्या पेटरसन याने खुणा केलेल्या माशांवर या विचाराचा पाया घातला, आणि १९३० मध्ये अमेरिकेच्या लिंकन याने पायांत कडी अडकवलेल्या रानबदकांपैकी किती शिकाऱ्यांच्या हाती पडतात, यावरून बदकांची संख्या काढली. म्हणूनच या सूत्राला आज लिंकन-पेटरसन सूत्र म्हणतात.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुसऱ्या खेपेस ५ ऐवजी ४ ठिपक्याचे निघाले असते, तर उत्तर ६०० आले असते. ६ निघाले असते, तर ४००. एका हरभऱ्याने एवढा फरक! म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही १०० हरभऱ्यांना ठिपके दिले आणि १०० काढले. त्यांत २२ ठिपक्याचे निघाले, म्हणजे उत्तर सुमारे ४५५. आता एखादा कमी-अधिक निघाला असता, तरी उत्तर वीस-बावीसनेच हलले असते. कष्ट वाढले तशी चूक आकसली. म्हणूनच शास्त्रज्ञ एकच आकडा सांगून थांबत नाहीत, "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असे सांगतात. हा त्यांचा दुबळेपणा नसून प्रामाणिकपणा आहे.

या पद्धतीच्या अटीही कडक आहेत. दोन पकडींच्या मधल्या काळात जन्म, मृत्यू, येणे-जाणे फारसे होता कामा नये. खूण पुसली जाता कामा नये. प्रत्येक प्राणी सापडण्याची शक्यता सारखी हवी. प्रत्यक्षात काही प्राणी एकदा पिंजऱ्यात सापडले की पुन्हा त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. मग खुणेचे कमी सापडतात आणि संख्या फुगते. उलट काहींना आतल्या खाण्याची चटक लागते. मग खुणेचेच पुन्हा पुन्हा सापडतात आणि संख्या घटते. आजची सूत्रे या स्वभावभेदांचाही हिशेब धरतात.

अंगावरचीच खूण

वाघाच्या किंवा बिबट्याच्या अंगावर ठिपका कोण देणार? तो निसर्गानेच दिलेला आहे. वाघाचे पट्टे आणि बिबट्याच्या अंगावरचे फुलोरे प्रत्येकाचे निराळे असतात, जसे आपल्या अंगठ्यांचे ठसे. जनावरांच्या वाटेवर दोन्ही बाजूंना आपोआप चालणारे कॅमेरे बसवले, की जाणाऱ्याची डावी-उजवी कूस टिपली जाते. पहिले छायाचित्र ही खूण आणि पुढचे छायाचित्र ही दुसरी पकड. कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात डॉ. उल्हास कारंत यांनी ही रीत वाघांसाठी वापरली आणि १९९५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

याच रीतीचा एक अभ्यास आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरमधील अकोले परिसरात झाला. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. ते जंगल नव्हते. ऊस, वस्त्या, रस्ते आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे, असा तो मुलूख. तेथे कॅमेऱ्यांनी दाखवले की दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि सुमारे पाच प्रौढ तरस राहत आहेत. माणसांच्या इतक्या जवळ एवढी मोठी हिंस्र जनावरे राहत असतील, यावर पूर्वी अनेकांचा विश्वास बसला नसता.

हा आकडा उचलून आष्टी तालुक्याला लावावा काय? मुळीच नाही. अकोल्याच्या पाण्याखालच्या उसाचा आकडा आपल्या कोरड्या माळांना आणि बालाघाटच्या डोंगरकडांना लागू पडेल, असे समजण्यास आधार नाही. नमुना जेथला, अनुमान तेथले. पण त्या पालकांच्या प्रश्नाला उत्तर देण्याची वाट मात्र या अभ्यासाने दाखवली. पाच गावांत पाच वेळा दिसलेले जनावर एकही असू शकते आणि पाचही असू शकतात. बिबट्या रात्रीतून कित्येक किलोमीटर चालतो. फुलोरे जुळवून पाहिल्याखेरीज "एक" म्हणणाराही चूक आणि "सात" म्हणणाराही चूक.

ज्यांना खूण नाही त्यांचे काय?

काळवीट, चितळ, नीलगाय यांना एकमेकांपासून ओळखणे कठीण. त्यांच्यासाठी निरीक्षक आधी आखलेल्या सरळ रेषेवर चालतात आणि दिसलेला प्रत्येक कळप रेषेपासून किती दूर होता, हे लिहून ठेवतात. रेषेलगतचे जनावर बहुधा सुटत नाही. जसजसे अंतर वाढते, तसतशी झाडा-झुडपांआड राहणारी जनावरे निसटतात. अंतरागणिक नोंदी किती वेगाने कमी होतात, हे पाहून न दिसलेल्यांचा आकडा काढता येतो. कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. १९८० मध्ये स्थापन झालेले हे अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. ते पाहण्यास गेलेल्या मुलांना आम्ही हेच सांगतो की समोरचे काळवीट मोजाच, पण ते किती दूर आहे तेही लिहा.

पैठणच्या नाथसागरावर, १९८६ मध्ये जाहीर झालेल्या जायकवाडी पक्षी अभयारण्यात, हिवाळ्यात पक्ष्यांचे थवे उतरतात. आशियात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. थवा मोजताना जाणकार आधी दहा पक्षी नीट मोजतात, तेवढे दहा किती जागा व्यापतात हे डोळ्यांत ठसवतात आणि मग तशा किती जागा भरल्या आहेत ते पाहतात. आपल्याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. मोरासारख्या पक्ष्याची चाहूल घेण्यास पहाटेची केकाही उपयोगी पडते. ठरलेल्या जागी ठरलेला वेळ उभे राहून किती दिशांनी आवाज आले, ते नोंदवायचे.

माळढोकाची कथा मात्र निराळी. १९७९ मध्ये सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य झाले. त्याचे मूळ क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते पुष्कळच कमी करण्यात आले. एवढ्या विस्तृत माळावर पक्षी मोजकेच असले, की दिवसभर हिंडूनही एकही दिसत नाही. अशा वेळी न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा जावे लागते. किती फेऱ्यांत दिसला आणि किती फेऱ्यांत हुलकावणी दिली, यावरून तो असूनही न दिसण्याची शक्यता किती, हे काढता येते.

पौर्णिमेची रात्र

आपणां सर्वांना जिव्हाळ्याची अशी एक मोजणीही आहे. वैशाख पौर्णिमेच्या, म्हणजे बुद्ध पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अनेक जंगलांत पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राण्यांची नोंद होत आली आहे. कडक उन्हाळा, आटलेली पाणी आणि लख्ख चांदणे, म्हणून ही रात्र निवडली गेली. तहानलेले प्रत्येक जनावर केव्हा तरी पाण्यावर येणारच, असा त्यामागचा विचार.

आदल्या दिवशी वळीव कोसळला, तर जागोजागी डबकी साचतात आणि मचाणावरचा माणूस रात्रभर रिकाम्या पाण्याकडे पाहत राहतो. एकच रानडुक्कर दोनदा येते आणि दोन लिहिले जाते. पाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकणारी जनावरे येतच नाहीत. म्हणून या रात्रीच्या आकड्यास आज कोणी जंगलाची नेमकी लोकसंख्या मानत नाही. वन विभागही काही ठिकाणी हा उपक्रम निसर्गानुभव म्हणूनच घेतो. आमच्या मते हे चांगले झाले. जी गोष्ट अनुभव आहे तिला अनुभव म्हणावे आणि जी मोजणी आहे तिला मोजणी. आपण ज्यांना मार्गदाता मानतो त्या तथागतांनीही कालामांना परंपरेने आले म्हणून किंवा ऐकिवात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असाच उपदेश केला होता.

कागदावरचे वाघ

आकडा चुकीचा निघाला तर काय होते, याचे उदाहरण राजस्थानातील सरिस्क्याचे. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास पाऊलठशांवरून वाघ मोजण्याची रीत घडवली. मागच्या डाव्या पंजाचा ठसा काचेवर गिरवायचा, प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा आणि ठसा वेगळा तर वाघ वेगळा, असे धरायचे. १९७२ मध्ये याच मार्गाने देशात १,८२७ वाघ असल्याचा आकडा आला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. रानोमाळ फिरून ठसे गोळा करणाऱ्या वनमजुरांचे श्रम आम्ही कमी लेखत नाही. पण एकाच पंजाचा ठसा धुळीत निराळा, चिखलात निराळा, चढावर निराळा उमटतो. त्यामुळे एका वाघाचे दोन वाघ होण्यास वेळ लागत नाही. आणि किती वाघ निसटले, हे सांगण्याची सोय या रीतीत नव्हती.

२००४ मध्ये सरिस्क्यात कागदावर १६ ते १८ वाघ होते. २००५ च्या आरंभी शोध घेतला, तर एकही उरला नव्हता. शिकाऱ्यांनी जंगल रिकामे केले आणि वह्यांत वाघ नांदत राहिले. खरा आकडा वेळेवर कळता, तर काही वाघ वाचले असते, असे कोणास वाटणार नाही? पुढे २००८ मध्ये रणथंबोरहून वाघ आणून तेथे सोडावे लागले.

त्या धक्क्यानंतर देशाने मोजणीची रीत पालटली. २००६ च्या गणनेत १,४११ वाघ असल्याचे अनुमान आले आणि त्यासोबत १,१६५ ते १,६५७ ही मर्यादाही जाहीर झाली. त्याआधीचा ठशांवरचा राष्ट्रीय आकडा ३,६४२ होता. निम्म्याहून अधिक वाघ चार-पाच वर्षांत मेले, असा त्याचा सरळ अर्थ होत नाही, कारण दोन्ही आकड्यांच्या रीतीच वेगळ्या आहेत. २०१८ मध्ये २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. पिल्ले वगळता २,४६१ वाघ पट्ट्यांवरून प्रत्यक्ष ओळखले गेले, आणि एकूण अनुमान २,९६७ चे आले. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजेच न दिसलेल्यांचा हिशेब. २०२२ मध्ये देशाचे सरासरी अनुमान ३,६८२ आणि महाराष्ट्राचे ४४४ होते.

आपल्या बांधावरचा धडा

हे सारे जंगलापुरतेच आहे, असे पालकांनी समजू नये. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या वर लागली की खाली, यावर दुष्काळाच्या सवलती ठरत असत, हे आपल्या भागात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पिकाकडे नजर टाकून उत्पन्न सांगण्याची जुनी चाल बाजूला सारून, चिठ्ठ्यांसारख्या यादृच्छिक निवडीने शेत निवडून, आखलेल्या तुकड्यातले पीक कापून, वजन करून उत्पन्न ठरवण्याचे शास्त्र ज्यांनी आपल्या देशात रुजवले, त्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रणी होते. तुकडा फार लहान घेतला, तर कडेची ताटे आत धरण्याकडे कल होतो आणि उत्पन्न खऱ्याहून अधिक दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. पीक विम्यासाठी आज आपल्या शेतात होणारा पीक कापणी प्रयोग त्याच विचाराचा. आमची माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की त्या दिवशी बांधावर उभे राहा, तुकडा कसा निवडला ते पाहा आणि वजन लिहून घ्या.

मोजणीत कोण सुटते, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९३२ मध्ये लोथियन समितीपुढे अस्पृश्यांची संख्या किती, हाच वादाचा विषय झाला. संख्येवर प्रतिनिधित्व ठरणार, हे दिसताच काही प्रांतांत ती अगदी थोडी असल्याचे सांगितले जाऊ लागले. समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी १ मे १९३२ रोजी त्याविषयी स्वतंत्र टिपण दिले. आणि आजही दिवाळीच्या आगेमागे आई-वडिलांसोबत उसाच्या फडावर जाणारे लेकरू गावच्या शाळेच्या वर्गात दिसत नाही, कारखान्याजवळच्या शाळेतही दिसत नाही. दोन्हीकडच्या हजेरीपटांच्या मधल्या जागेत ते असते. आपल्या वसतिगृहात अशी किती लेकरे राहिली, शिकली आणि आज ही स्मरणिका हातात घेऊन बसली आहेत, हे वाचकच जाणतात.

म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगतो की कोणताही आकडा समोर आला, की चार प्रश्न विचारावेत. कोणत्या रीतीने काढला? किती जागा आणि किती दिवस पाहिले? चूक किती असू शकते, हे सांगितले आहे काय? आणि जे दिसले नाहीत, त्यांचा हिशेब कोठे आहे? नववीच्या त्या वर्गाने शेवटच्या तासाला हे चार प्रश्न फळ्यावर लिहिले होते. हरभऱ्यांचे पातेले मात्र रिकामे होते. मोजणी संपताच ते भिजत घातले गेले आणि रात्री वसतिगृहात त्यांची उसळ झाली.